आई पुढे येतात

रविवार, सहा तारीख

प्रिय वन्सं,

हो, मुद्दाम. शाळेत माझा डबा उघडून खाणारी मुलगी पुढे माझी नणंद झाली, तर तिला वन्सं म्हणण्याची मजा मी का सोडू?

इकडे सगळं ठीक. तुझा भाऊ ठीक, मी ठीक, आई तर ठणठणीत. स्वयंपाकघराला नवा रंग दिला. तो तुझ्या भावाने निवडलाय, त्यामुळे त्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं. पोरांचा खोकला गेला का? धाकटीला माझ्यातर्फे एक गालगुच्चा आणि मोठ्याला दोन, कारण त्याला ते आवडत नाहीत.

पत्राला कारण आहे. पण ते आधी सांगितलं तर तू पुढचं न वाचता सरळ फोन उचलशील, आणि फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून तर हा कागद. तेव्हा आधी बातमी. आई नाटकात काम करतायत. लहानसहान नाही, मुख्य काम. येत्या शनिवारी पहिला प्रयोग आहे. आता थोडं पाणी पी आणि पुढे वाच.

तो रंग लागत होता तेव्हा वासाने आईंचं डोकं चढायचं, म्हणून मी त्यांना माझ्याबरोबर तालमीच्या हॉलवर न्यायला लागले. छापखान्याच्या वरचा तो लांबडा हॉल, तू पाहिलायस. पुढे नट जागा विसरतात म्हणून आम्ही जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे लावतो. पांढऱ्या पट्ट्या सामानाच्या, लाल शेजाऱ्याच्या, हिरव्या शेजारणीच्या. मी बसवतेय ते नाटक अगदी साधं आहे. दोन म्हातारे शेजारी, दोघांत एक अंगण, अंगणात एक बाक, आणि तो कुणाचा यावरून दोन तासांचं भांडण. शेजाऱ्याचं काम आमचे निवृत्त पोस्टमास्तर करतात. एका दुपारी मी किल्लीच्या भानगडीसाठी खाली छापखान्यात गेले. वर येऊन बघते तर जमीन आरशासारखी लखलखीत. आई बादलीपाशी बसलेल्या, हातात चमच्याची दांडी.

‘किती वर्षं पुसलं नव्हतं गं? नुसतं चिकटून बसलं होतं सगळं. गरम पाण्याशिवाय सुटेना.’

महिन्याभराची तालीम पाण्यात गेली, तीसुद्धा गरम. पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तसेच स्टुलावर बसले. मी चिडले. सुनेला जितकं चिडायची परवानगी असते त्याच्याहून जरा जास्तच चिडले. शेजारणीचं काम करणाऱ्या बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या, त्यामुळे पट्ट्या पुन्हा लावायच्या तर कुणाला तरी उभं करायला हवं होतं. मी म्हटलं, ‘आई, पुसलंत तुम्ही, आता उभ्याही तुम्हीच राहा. मी सांगेन तिथे. आणि हलायचं नाही.’

त्या निमूट उभ्या राहिल्या. मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायांशी पट्ट्या डकवतेय, आणि वर त्या वेळ जावा म्हणून संहिता वाचतायत. पोस्टमास्तरही बसल्याबसल्या उत्तरं द्यायला लागले. एका वाक्याला माझा हात थांबला. हा आवाज मी रोज ऐकते, ‘गॅस बंद केलास का’ एवढ्यापुरता. वाक्य साधं होतं: ‘बाकावर नाव कुणाचं आहे ते नका सांगू, बसतं कोण ते सांगा.’ त्यांनी ते इतक्या थंडपणे म्हटलं की पोस्टमास्तर खरंच स्टुलावरून उठले.

पुढच्या आठवड्यात आमच्या बाईंची बदली झाली. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बघते.’ आपल्या घरात आईंचं ‘बघते’ म्हणजे हो, हे तुला मी काय सांगू.

मग सुरू झाल्या गमती. रंगमंचावर डावं-उजवं नटाचं धरतात, समोर बसलेल्यांचं नाही. शिकलेसवरलेले लोक इथे आठवडा घालवतात. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘म्हणजे खिडकीतून गॅसवाल्याला रस्ता सांगतो तसं. पण तिथे त्याचं उजवं धरावं लागतं, इथे आपलं. बरं झालं, एका ठिकाणी तरी आपलं उजवं तेच उजवं.’ हे त्यांना चुटकीसरशी जमलं.

बाकीच्याने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. दोघं एकमेकांशी बोलत असले तरी थोडं तिरकं उभं राहायचं असतं, म्हणजे चेहरा प्रेक्षकांना उघडा राहतो. आई पोस्टमास्तरांशी बोलायच्या त्या पूर्ण त्यांच्याकडे वळून. प्रेक्षकांना दिसणार काय, तर अंबाडा.

‘माणूस बोलतोय आणि मी तोंड फिरवून उभी? उद्धट दिसेल ते.’

‘दिसू दे. तुमची शेजारीण उद्धटच आहे.’

‘आहे, पण तिला रीत कळते,’ असं म्हणून पुन्हा पाठ.

त्याहून अवघड म्हणजे वाट देणं. पोस्टमास्तर इकडून तिकडे निघाले की आई पटकन मागे. बाकाच्या मागे, दाराच्या आड, दिव्याच्या उजेडाच्या बरोब्बर बाहेर. सराव करूनही कुणाला जमणार नाही इतकं नेमकं अंधारात जायच्या. मी विचारलं, ‘मागे का गेलात?’

‘त्यांना जायचं होतं ना.’

‘त्यांना तुमच्या बाजूने वळसा घालून जाऊ दे.’

‘एवढी जागा माझी आहे?’

हे त्यांनी चेष्टेत विचारलं नाही गं. चौकशी करतात तसं विचारलं. मी हिरवी पट्टी दाखवली.

तुमच्या जुन्या घरातला तो अरुंद पॅसेज मला तेव्हा आठवला. स्वयंपाकघरातून बाहेर येताना कुणीही समोर आलं की आई भिंतीला चिकटायच्या आणि हातातलं ताट डोक्यावर धरायच्या. तू आणि मी त्यांच्या अंगावरून धावत जायचो. ताट कधी पडलं नाही, म्हणून आपल्याला कधी काही वाटलंही नाही.

शेवटी मी एकच व्यायाम लावला. मध्यभागी यायचं, उभं राहायचं, काही करायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी बाक सरळ केला, केस सारखे केले आणि पोस्टमास्तरांच्या बाहीवरचा दोरा काढला. ‘हातांचं काय करू?’ हे प्रत्येक नवा नट विचारतो. मी म्हणाले, ‘आहेत तिथे राहू द्या.’ ‘माझे हात कुठेच राहत नाहीत गं,’ म्हणाल्या. रोज हेच चाललं. दिव्याखाली पोचलो हे कसं ओळखायचं तेही दाखवलं: कपाळ कोमट लागलं की समजायचं, आलो. मग गेल्या बुधवारी त्या मध्यभागी आल्या, थांबल्या, आणि काहीच केलं नाही. मोकळे हात, नजर हॉलच्या टोकाला. छापखान्याचं यंत्र खाली धडधडत होतं. मी इतक्या लोकांना उभं राहायला शिकवलंय वन्सं, पण असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नाही. माझा ऊर भरून आला, आणि ते लपवायला मी पोस्टमास्तरांवर उगाच खेकसले.

आता कारण. तू विचारलंयस की नवी नोकरी पहिल्या तारखेपासून आहे, सहा महिने आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी जावं लागेल, पोरांजवळ आई राहतील, त्या ‘बघते’ म्हणाल्यात, तर तिकीट कधीचं काढू?

वन्सं, प्रयोग होऊ दे. मग लिहिते.

तुझी वहिनी


सोमवार, चौदा तारीख

प्रिय वन्सं,

झाला प्रयोग! काल दिवसभर झोपले, आज लिहितेय.

आधी तुझ्या भावाचं सांगते. गेला आठवडाभर बटाटे सोलता सोलता त्याने आईंना वाक्यं दिली, त्यामुळे आता त्याला पूर्ण शेजारी पाठ आहे आणि पोस्टमास्तर आजारी पडावेत अशी आशा तो बाळगून आहे. प्रयोगाला पहिल्या रांगेत बसला आणि आई येण्याआधीच टाळ्या वाजवायला लागला. मी विंगेतून डोळे वटारले तेव्हा थांबला.

नाट्यगृह भरलेलं. आई विंगेत अगदी शांत. मी येरझाऱ्या घालतेय. त्या मला म्हणाल्या, ‘तू जरा बस बघू कुठेतरी, मधेमधे येतेस.’ आईंनी मला मधेमधे येतेस म्हटलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बाजूला झाले.

पहिला अंक सुरळीत झाला. घोटाळा दुसऱ्यात. पोस्टमास्तर हाडाचे नट आहेत, पण त्यांना एक खोड आहे. हशा मिळायला लागला की ते मागे मागे सरकतात. मागे गेलेल्या माणसाशी बोलायचं तर समोरच्याला वळावंच लागतं. म्हणजे त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसतो आणि दुसऱ्याची पाठ. ते मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही. त्यांचे पाय करतात. शनिवारी हशा जोरात मिळत होता आणि मोठ्या भांडणाच्या वेळी गृहस्थ पार मागच्या भिंतीला टेकले. आणि ते मोठं भांडण म्हणजे आईंचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं. मी विंगेतून सारखे ‘पुढे या, पुढे या’ असे हात करतेय, पण त्यांचं लक्ष कुठलं! मला दिसायला लागलं, आता आई वळणार. रीत आहे ना. अंबाडा दिसणार आणि एवढी मेहनत अंबाड्यावर जाणार.

आई वळल्या नाहीत. बाकापाशी मध्यभागी होत्या, तिथेच राहिल्या, तोंड समोर. आणि पोस्टमास्तरांकडे ढुंकूनही न बघता सगळं बोलल्या. मागे कुणी उभं आहे हे माहीत आहे पण मान वळवावी एवढं ते महत्त्वाचं नाही, अशा थाटात. बोलता बोलता मधे थांबल्या. मागून उत्तर आलं. आईंनी ऐकलंच नाही! ‘कुणी काही म्हणालं का?’ असं समोर बघून विचारलं. हे वाक्य नाटकात नाही, वन्सं. नाट्यगृह हशाने दणाणलं. पोस्टमास्तर पुन्हा बोलले. आई गप्प. शेवटी त्या बिचाऱ्याला तिथून निघून पुढे त्यांच्या शेजारी येऊन उभं राहावं लागलं, अगदी तालमीतल्या लाल पट्टीच्या जागेवर. तेव्हा आईंनी तिरकं बघून म्हटलं, ‘हां. आता बोला.’

तुझा भाऊ रडला. मी रडले नाही, कारण मला पडद्याचं बघायचं होतं. पडदा पडल्यावर रडले. पोस्टमास्तर दिलदार आहेत. आत आल्यावर आईंना वाकून म्हणाले, ‘आयुष्यभर समोरच्यांना प्रेक्षकांकडे पाठ फिरवायला लावली, आज तुम्ही मला चालायला लावलंत.’ आई म्हणाल्या, ‘तुम्ही लांब गेला होतात, आवाज येत नव्हता.’ त्यांना अजूनही वाटतंय की त्यांनी काही विशेष केलं नाही. मला वाटतं, ते तसंच राहू द्यावं.

बाहेरगावची बोलावणी प्रयोगाआधीपासूनच येतायत. एक-दोन नाही, पाच-सहा महिने पुरतील एवढी. हे तुला सांगायचं मी टाळत होते, कारण हे वाचून तू ताबडतोब हिशेब जुळवशील. तू हुशार आहेस.

तर आता सरळ लिहिते. तू तिकिटाबद्दल दोनदा विचारलंस. पाळणाघराला नको म्हणून कळवलंस, खोली लावलीस, पोरांना सांगितलंस की आजी येणार. तुला आई ‘बघते’ म्हणाल्या होत्या आणि तू त्याचा अर्थ तोच घेतलास जो आपण सगळे घेत आलो. तुझी काही चूक नाही. पण तुझा फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ फोनवर हात ठेवून उभ्या होत्या, हे मी पाहिलंय.

तू म्हणशील, हिला हिच्या नाटकाचं पडलंय. पडलंयच! खोटं कशाला बोलू. तरीही गेल्या आठवड्यात मी स्वतः त्यांना म्हटलं, ‘आई, तुम्ही जा. पोरांना तुमची गरज आहे, मी दुसरी बाई उभी करीन.’ माझी अपेक्षा होती की त्या ‘बरं’ म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘माझ्या जागेवर?’ आणि भाजी चिरायला बसल्या. इतकी बारीक भाजी आमच्याकडे कधी चिरली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, ‘तूच कळव ना तिला. तुमचं मैत्रिणींचं असतं.’ मी नाही म्हटलं. मी लिहिलं तर ते माझं होईल, तू माझ्याशी वर्षभर अबोला धरशील, आणि आई पुन्हा कुठल्यातरी दाराच्या आड सुखरूप उभ्या राहतील. मी म्हटलं, ‘वाक्य तुमचं आहे, तुम्हीच म्हणायचं. मी फार तर विंगेत उभी राहीन.’ त्या माझ्यावर रागावल्या. दोन दिवस मला तालमीतल्यासारखं ‘बाई’ म्हणून हाक मारत होत्या, घरातसुद्धा.

सोबत त्यांचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. आत काय आहे याचा मला अंदाज आहे, तो सांगणार नाही. वाचून झाल्यावर आधी मला फोन करू नकोस. रागावायचं तर त्यांच्यावरच रागाव. त्यांना ते झेपेल.

तुझी वहिनी, आणि अजूनही मैत्रीण


सोमवार

प्रिय बबडे,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्ही कागदांवर खुशाली, पोरांची चौकशी, माझे गुडघे, हवा, असं सगळं पुढे येत होतं आणि जे सांगायचं ते मागे मागे जात होतं. एका कागदावर तर ते आलंच नाही, जागा संपली. म्हणून आता पहिलं तेच लिहिते.

मी येणार नाही.

आजारी नाही, कुणी अडवलेलं नाही, तुझ्या वहिनीने तर जा म्हणून सांगितलं. मला यायचं नाही. मला नाटक करायचंय. हे लिहून झाल्यावर मी उठून पाणी पिऊन आले. आकाश कोसळलेलं नाही.

तुला ‘बघते’ म्हणाले ते चुकलं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, म्हणजे पाळणाघर सुटलं नसतं. त्यांना आजच फोन कर, जागा ठेवली असेल तर मिळेल. तुझ्या नवऱ्यालाही सांग, त्यालाही पोरं आहेत. तो चांगला माणूस आहे, पण त्याला कुणी काही विचारतच नाही, म्हणून तो सोफ्यावर असतो. आधी त्याला विचार.

आणि नोकरी सोडायची नाहीस. हे मी आई म्हणून बजावून सांगतेय. एवढ्या माणसांतून त्यांनी तुला निवडलं, हे मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय. रस्त्यात थांबवून सांगितलंय. आता कुणी म्हणेल की आई आली नाही, तर राहू दे ते दौरे, दुसऱ्या कुणाला जाऊ दे. तू हलू नकोस. त्यांना घालू दे वळसा.

तू रागावशील. लहानपणी रागावलीस की पलंगाखाली जाऊन बसायचीस आणि मी ताटली आत सरकवायचे. आता तिकडे तुझ्यापर्यंत माझा हात पोचणार नाही, तेव्हा जेवत जा वेळेवर. राग जाईपर्यंत मी वाट बघीन, पण समजूत काढायला म्हणून मत बदलणार नाही. तुझ्यात माझा जीव आहे. पोरांच्या आठवणीने कधीकधी रात्र जात नाही. आणि तरीही मी येणार नाही. ही सगळी वाक्यं खरी आहेत, यातलं कुठलंही एक खोडू नकोस.

शनिवारी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं, माझ्या मागे कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं. माझ्यासाठीच होत्या गं.

मोठ्याला सांग की आजी येत नाहीये, कारण आजीला काम आहे. कुठलं काम असं तो विचारेल. त्याला नीट सांग, लाजू नकोस.

सध्या कामात असलेली,
तुझी आई